लाव्हाच्या भेगांतले नेचे

ओसाड लाव्हावर पहिली हिरवळ माणूस आणतो, की ती आपली आपण येते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघाले होते. ते मला उशिरा मिळाले, म्हणून घटना क्रमाने सांगते.

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातली नोकरी संपल्यावर माझ्या यजमानांनी हवाईच्या मोठ्या बेटावर थोडी जमीन घेतली. जमीन म्हणजे गोठलेला काळा लाव्हा. त्यांचे हृदय तेव्हाच दुबळे झाले होते. "इथं एकदा हिरवं दिसलं, की माझं काम झालं," असे ते म्हणत. ते हिरवे त्यांना वेळेत दाखवणे, एवढे एकच काम मी स्वतःकडे घेतले.

पूर्वी मी पुण्याच्या शाळेत शिकवत होते, तेव्हा विज्ञानाबरोबर बागकामाचा तासही माझ्याकडे असे. त्या तासाचा पहिला नियम होता, लागवडीआधी जागा स्वच्छ करणे. इथे लाव्हावर आम्ही विकतची माती आणून आंबा आणि जास्वंद लावली. पावसात माती भेगांतून खाली निघून जाई. आम्ही पुन्हा टाकत असू. दर शनिवारी मी खुरप्याने भेगांत आपोआप उगवलेले नेचे, म्हणजे फर्न, उपटी, आणि दगडावर दगडफुलासारखा करडा थर धरलेला असे, तो ब्रशने घासून काढी.

"बाई, नेच्यांनासुद्धा नापास करता?" ते खुर्चीतून विचारत.

"तण ते तण. गोळी घेतलीत का?"

"घेतली. तो कोपरा तरी राहू द्या ना. बघायला बरं वाटतं."

"आंब्याचं खत खातील ते."

शेजारच्या आजीबाई याच बेटावर जन्मलेल्या. कुंपणाशी थांबून एकदा त्या म्हणाल्या, "एवढं घासू नकोस गं. दगडाला घाई नसते." मी त्यांचे आभार मानले आणि तो कोपराही साफ केला.

मग यजमानांना दुसऱ्या बेटावर, होनोलुलूच्या इस्पितळात हलवावे लागले. मी त्यांच्याजवळच राहिले. ते रोज विचारत, "काही उगवलं का?" निघतानाच आंब्याची काटकी झाली होती. "आंबा धरतोय," मी सांगे. ते परतले नाहीत.

पाच महिन्यांनी मी एकटी परत आले. माझी लागवड मेली होती. भेगाभेगांत मात्र नेचे माजले होते, आणि त्यांच्या ओलाव्यात ओहिया या इथल्या झाडाची नखाएवढी रोपे होती. आजीबाईंनी समजावले की नेचे कुजले की माती होते, आणि ओहियाचे बी वाऱ्याने येते.

यजमानांना आंबा नको होता, हिरवे हवे होते. ते दर आठवड्याला उगवत होते, आणि मी ते त्यांच्या डोळ्यांदेखत उपटत होते.

माझा पुरावा एकाच जमिनीचा आहे. कृपया आपणही पडताळून पाहा. हातभर जागा नियमाने खुरपा, शेजारची हातभर तशीच सोडा, आणि वर्षभराने दोन्ही बघा.