अराईजपासून राईटपर्यंत

आमच्या घरी इंग्रजी क्रियापदं पेरूंबरोबर पाठ झाली. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, राहात्याजवळच्या एका बागेत पेरू भरायच्या कामावर होते. सुट्टीत मीही जायचे. क्रेटमध्ये कागद अंथरून पेरू लावताना दादा मला गाइडच्या शेवटच्या पानावरचा तक्ता म्हणायला लावायचे. अराईज-अरोज-अरिझन. बी-वॉज-बीन. चाल पाढ्यांची आणि एकेका रूपाला एकेक पेरू. दादा चौथीपर्यंत शिकलेले, पण ऐकून ऐकून सगळा तक्ता त्यांच्याही तोंडात बसला. अर्थ त्यांना एकाचाही ठाऊक नव्हता, आणि बऱ्याचशांचा मलाही नव्हता. तरी मी बारावीला इंग्रजीत पास झाले तेव्हा आमची पोरगी इंग्लिशमध्ये वाघ हाय, असं ते गावभर सांगत सुटले.

वाघाची ही कीर्ती फिरत फिरत श्रीरामपूरला पोचली आणि तिथल्या एका मास्तरांचं स्थळ सांगून आलं. मुलगा मला पुढे शिकवायला तयार होता. दादांना तर मास्तर जावई हवाच होता. मलाही ते स्थळ हवं होतं. हे मी कोणाला बोलले नाही, पण त्या दिवशी पोह्यांवर मी खोबरं दोनदा पेरलं.

जीपमधून मंडळी आली. नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झालं. मग मुलाच्या मामांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "इंग्लिश चांगलं आहे म्हणे. राईटची तिन्ही रूपं सांग बघू."

सोपं होतं. पण माझा तक्ता अराईजपासूनच सुरू व्हायचा. मधूनच मला कधी कोणी विचारलं नव्हतं आणि राईट तर पार तळाशी. मी मनातल्या मनात पहिल्यापासून निघाले. ओठ मात्र हलत राहिले. पुटपुटतेस काय, देवाचं नाव घेतेस का, असं मामांनी विचारलं आणि बायका पदराआड हसल्या. मी ड्रिंकपाशी पोचले होते, तिथेच सगळं पुसलं गेलं.

सतरंजीच्या कडेला बसलेल्या दादांना वाटलं, पोरीला सुरुवात आठवत नाही. त्यांनी गुडघ्यावर ताल धरला आणि मला चाल लावून द्यायला मोठ्यानं सुरू झाले, "अराईज-अरोज-अरिझन." आधी मुलालाच हसू फुटलं, आणि त्यानंतर कोणी आवरलं नाही. आईनं खुणावलं तरी दादा थांबेनात. एखादं रूप चुकलं की मान झटकून ते पुन्हा नीट म्हणत होते. कपांतल्या चहावर साय धरली. अखेर राईटपाशी आल्यावर त्यांनी दम घेतला आणि माझ्याकडे वळले.

"हां, आलं बघ. म्हन आता."

मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मला माझी लाज वाटत होती, दादांची वाटत होती, अंगावरच्या मावशीच्या साडीचीसुद्धा वाटत होती. मामा छान छान म्हणाले आणि जीपची किल्ली चाचपू लागले.

निरोप आलाच नाही. काही दिवसांनी आईनं विषय सोडून दिला. मी परत बागेत जाऊ लागले, पण तक्त्याचं नाव काढत नव्हते. दादाही काढत नव्हते. एका दुपारी मात्र त्यांनी क्रेट पुढ्यात ओढला, आसपास कोणी नाही हे बघितलं आणि म्हणाले, "मामांचं काय चुकलं न्हाई. आपलीच तयारी कच्ची हुती. आता तू मला मधूनच इचार."

कशाला, असं मी विचारलं.

"आता दुसरे पाव्हणे येतील. त्यांनी बी मधूनच इचारलं तर आपल्याला यायला नको?"

मान वर न करता मी म्हटलं, "टीच."

दादांनी पेरू हातातच धरला. मला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड झाडांकडे वळवलं, तरी बाजूनं त्यांचे ओठ हलताना दिसत होते. ते अराईजपासून निघाले होते.