ओवीतला भाऊ कोणाचा

रविवार, संक्रांतीनंतरचा पहिला. कुंभार पिंपळगाव, आत्याचं घर, सकाळी दहा.

हजर: आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. वडील आता नाहीत. माझी मुलगी, तिच्या बँडची गायिका. बँडचा गिटारवाला. बँडचा डफवाला, हसनाबादचा. आणि मी, गाडी, जेवणाचा डबा व यादी माझ्याकडे. गैरहजर: माझा मुलगा, पुण्यात, झोपेत. दुपारी एकपर्यंत गैरहजर: वीज.

त्या दिवशी काम एकच होतं. आत्याला तयार गाणं ऐकवायचं आणि ते लोकांपुढे लावायला तिचा होकार घ्यायचा. मी अर्धा तास धरला होता. 'स्पीकर चार्ज करणे' हे आदल्या दिवशीच्या यादीत होतं, गिटारवाल्याच्या वाट्याला. त्याने केला नव्हता. म्हणून तीन तास आम्ही वीज यायची वाट बघत बसलो आणि डबा तिथेच संपला.

मुलीचा बँड नेमकं काय वाजवतो, हे मला अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. लोकगीतंच, पण प्रयोग करून, असं ती म्हणते. प्रयोग म्हणजे जालन्याच्या आमच्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीला टांगलेल्या लोखंडी सळया. त्या वाजवल्या, रेकॉर्ड केल्या आणि मग कॉम्प्युटरवर उलट्या वाजवल्या. समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, "बांधकाम काढलं का?" दोन्ही वेळा मी सांगितलं, "नाही, गाणं आहे." आठ दिवस कपडे खुर्च्यांवर वाळले.

दिवाळीनंतर त्यांना जात्याचा आवाज हवा झाला. जातं आत्याकडे, म्हणून गाडी माझी. गिटारवाल्याने खुंटा धरला आणि रिकामंच जातं गरगर फिरवायला सुरुवात केली. आत्याने त्याचा हातच धरला.

"दगडावर दगड घासू राह्यला का? दाणे घाल आधी."

"आजी, आम्हाला पीठ नको, फक्त आवाज पाहिजे."

"दगड गुळगुळीत झाला तर जात्याला परत टाकी मारायला माणूस सापडत न्हाई. तू मारशील?"

त्याने खुंटा सोडला. ज्वारी आणली, ते जाडंभरडं पीठ पुढे मी पंधरा दिवस संपवत होते. पण दाणे पडल्यावर आत्या आपणहून गायला लागली. ओवी तिची स्वतःची, तिनेच कधीतरी जुळवलेली. दारात सायकलची घंटा वाजली, दूधवाला नव्हे, पोस्टमन नव्हे, तो तर माझा भाऊ आला, आणि पुढे भावाचं नाव. म्हणजे माझ्या वडिलांचं. वडील खरंच सायकलवर यायचे आणि दाराशी तीनदा घंटा वाजवायचे. मुलीने ती ओवी शब्द न् शब्द पाठ केली. आवाजातला हेलसुद्धा उचलला. मला त्या दिवशी तिचं कौतुक वाटलं, हे लिहून ठेवते, कारण पुढे फार वेळा वाटलं नाही.

एक वाजता वीज आली आणि गाणं लागलं. आधी जातं, मग उलट्या सळया, मग डफ, मग सायकलची घंटा आणि मुलीचा आवाज. खरं सांगायचं तर चांगलं झालं होतं. आत्या मान हलवत होती. भावाचं नाव आलं आणि मान थांबली.

"बंद कर."

मुलीने बंद केलं. "काय झालं आज्जी?"

"हा भाऊ कोणाचा?"

"तुमचाच. तुमची ओवी आहे ना."

"गाऊ कोण राह्यलं?"

"मी."

"मंग तो तुझा भाऊ झाला ना. अगं, तो तुझा आजोबा. आजोबाला भाऊ करून बसली तू." डफवाल्याला हसू आलं. आत्याने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते गिळलं. "अन् तू त्याची बहीण झाली. मंग मी कोण?"

गिटारवाल्याने समजवायचा प्रयत्न केला. म्हणाला, हे गाणं आता एका माणसाचं राहिलेलं नाही, सगळ्यांचं आहे.

"सगळ्यांचं आहे तर ज्यानं त्यानं आपला भाऊ घालावा," आत्या म्हणाली. "माझा एकच व्हता. तो मी कोणाला देणार न्हाई."

"दादी बराबर बोलू राह्यल्या," डफवाला म्हणाला.

हा नियम मला माहीत होता. आईच्या तोंडच्या ओव्यांत मामांचं नाव असायचं आणि काकूच्या तोंडी तीच ओवी आली की तिच्या भावाचं. माहीत असून महिनाभर मी ते गाणं घरात ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या यादीत स्पीकर होता, डबा होता, पेट्रोल होतं. हे नव्हतं.

मुलीने स्वतःच्या भावाचं नाव घालून पाहिलं. वडिलांचं नाव पाच अक्षरी, माझ्या मुलाचं दोन अक्षरी. ठेका उघडा पडला. गिटारवाला म्हणाला, बसत नाही. आत्या म्हणाली, "ताण की, रबर हाय ते." आणि तिने ताणून दाखवलं. बसलं.

"पण सायकल चालणार न्हाई," ती पुढे म्हणाली. "तुझा भाऊ कशानं येतो? खोटं लावायचं न्हाई."

"ट्रॅव्हल्सने. स्टँडवर उतरला की मिस्ड कॉल देतो."

"मंग ते लाव."

शेवटी ठरलं असं: गाण्यात तीन आवाज. आधी आत्या, तिच्या भावासह, सायकलीवर. शेवटी मुलगी, मिस्ड कॉलसह. आणि मध्ये मी.

"मी कशाला?" मी विचारलं. "मला गाता येत नाही."

"भाऊ न्हाई का तुला? आजीवरून एकदम नातीवर उडी मारता काय? तिघींचं झालं की लावा. तवर न्हाई."

परतीच्या रस्त्यावर मी तिथल्या तिथे यादी सांगितली आणि मुलीने लिहून घेतली. एक, जात्याच्या रेकॉर्डिंगमधला आत्याचा आवाज स्वच्छ करून घेणे. दोन, मुलीची ओळ नव्याने गाणे. तीन, मिस्ड कॉलचा आवाज रेकॉर्ड करणे. चार, माझी ओळ. बुधवारपर्यंत पहिली तिन्ही झाली. ज्या मुलांना स्पीकर चार्ज करायचं लक्षात राहत नाही, त्यांनी केली.

माझा भाऊ संभाजीनगरला असतो, आमच्यापासून सव्वा तासावर. शेवटचा आला तेव्हा घरात जुना फ्रीज होता. भांडण काहीच नाही. दिवाळीला तो शुभेच्छा पाठवतो, मी पाठवते. तो येतो म्हणतो, मी ये म्हणते. वडिलांनंतर दाराशी कोणी काही वाजवलेलं नाही. तो येताना आता काय वाजतं, गाडीचा हॉर्न की नुसती बेल, मला ठाऊक नाही. आणि खोटं लावायचं नाही.

गुरुवारी डफवाल्याचा फोन आला. "काकू, बाकी सगळं बराबर बसलं. तुमच्यासाठी मध्ये जागा मोकळी ठेवली. जल्दी न्हाई, पण कव्हा?"

"यादीत आहे," मी म्हटलं.

आहेच. 'चार, माझी ओळ' याच्या आधी मी नंतर पेनने 'भावाला फोन करून बोलावणे' असं घातलं आहे. आज परत रविवार. पहिल्या तिन्ही कामांपुढे खूण आहे. भावाच्या फोनपुढे अजून नाही.