सभा झाल्यावरच सही

हा लेख मी तीन महिने टाळला, हे आधी कबूल करतो. गौरव अंकाचे संपादक फोन करत आणि मी कधी लोहाऱ्याच्या कारखान्यात, कधी महागावला सोयाबीनच्या गाडीवर असल्याचे सांगे. दोन्ही खरेच होते. पण वसराम गुरुजींविषयी लिहायचे तर आधी माझी चूक लिहावी लागते, म्हणून हात उचलत नव्हता.

गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन आमच्या बंजारा तांड्यावर परतले, तेव्हा मी दहावी सोडून भटकत होतो. त्या वेळचे सरपंच उत्तमराव यांनी मला ग्रामसभेचे रजिस्टर दिले आणि घरोघरी सह्या आणायला पाठवले. सभा भरतच नसे, कागदावर मात्र भरे. कोणालाच त्यात वावगे वाटत नव्हते. एका घरी बकरीला नुकतीच दोन पिल्ले झाली होती, ती बघण्यात माझा तासभर गेला. असो.

शेवटी गुरुजींच्या ओसरीवर पोचलो. ती आमची पहिली भेट. त्यांनी चष्मा लावून सगळे ठराव वाचले, मग शांतपणे विचारले, "सभा कोठी भरली, बाबू? तिथं चाल. मी बसतो, मंग सही करतो."

मी हसलो. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले.

"तांड्याचा नळ यादीतून काढला म्हन्ते हे. तुह्या याडीच्या दारचं पानी तूच तोडून राह्यला. वाचलं होतं काय?"

आईला आम्ही याडी म्हणतो. त्याच पानावर तिचा अंगठा होता. मीच घेतला होता.

गुरुजी रागावले नाहीत. इंग्रजांच्या काळात जमातीवरच गुन्हेगारीचा शिक्का असल्याने त्यांच्या आजोबांना चौकीवर जाऊन हजेरीचा अंगठा द्यावा लागे, कागदावर काय आहे ते विचारायची सोय नव्हती, एवढेच त्यांनी सांगितले. पुढच्या सभेच्या दिवशी ते पंचायतीच्या सतरंजीवर एकटे बसले आणि ग्रामसेवकांना 'उपस्थित : एक' असे लिहायला लावले. सभा तहकूब झाली. त्यानंतरच्या सभेला मी गेलो, याडीला घेऊन. मग तांडा आला. नळाची ओळ परत लिहिली गेली. उत्तमरावांनी त्या दिवसापासून गुरुजींशी बोलणे सोडले आणि सभेला येणेही.

मी गावोगाव फिरतो. आर्णीच्या चहाटपरीवरही एकच ऐकू येते, सारे पुढारी सारखेच. राज्य आपले झाले, पण कागद अजून परक्याचाच वाटतो. गुरुजींपुढे असे कोणी बोलले तर ते वाद घालत नाहीत. "तू गेलता काय सभेले?" एवढेच विचारतात.

ठराव कसा वाचायचा ते त्यांनीच मला शिकवले. आणि तो अंगठा मी कशावर घेतला होता, हे याडीला त्यांनी आजवर कळू दिले नाही. हा अंक निघाला की मीच तिला वाचून दाखवणार आहे.

गुरुजींना पंचाहत्तरी लागली. त्यांचे गुडघे मांडी घालण्याइतके धड राहोत, दृष्टी बारीक अक्षर वाचण्याइतकी शाबूत राहो आणि पुष्कळ वर्षे ते या सतरंजीवर आमच्या आधी येऊन बसलेले दिसोत.

हे मी पंचायतीतच लिहीत आहे. आज सभा आहे, गणपूर्तीला एक माणूस कमी आहे. आत्ताच दारात चप्पल वाजली. उत्तमराव आले आहेत. जुन्या सवयीने त्यांनी पेनासाठी हात पुढे केला आहे आणि गुरुजी सरकून जागा करत म्हणत आहेत, "बसा, उत्तमराव. सही मंग."