बाकड्यावरच्या भाऊजींचा पगार

क्लबच्या हिशेबनिसाला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं. संघ त्याला बिलांवरून ठाऊक होता. घोट्याला बांधायच्या पट्ट्यांचा खप वाढला की पोरं जोरात खेळतायत, आणि केळ्यांचं बिल घटलं की हरून रुसलीयत, एवढं त्याला पुरे. ही नोकरी त्याला लावून दिली होती थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी. भाऊजी त्याच संघात राखीव गार्ड होते. गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणून बाकीच्यांना खेळवणारा गडी, आणि राखीव गार्ड म्हणजे तो गडी दमेपर्यंत किंवा पडेपर्यंत बाकड्यावर बसून राहणारा दुसरा गडी. पहिला गार्ड दमत नसे. पडतही नसे. त्यामुळे संघातली पोरं भाऊजींना बाकडेबुवा म्हणत आणि भाऊजी त्या हाकेला निमूट ओ देत.

क्लबचे मालक गाद्यांचे कारखानदार. खेळाडूंच्या छातीवर गादीचं चित्र होतं, त्यामुळे परगावी खेळायला गेलं की प्रेक्षक 'झोपा आता' म्हणून ओरडत. एके दिवशी मालकांनी हिशेबनिसाला बोलावून घेतलं. कापूस महागला होता, माल पडून होता आणि पुढच्या हंगामाचे करार तोंडावर आले होते.

मालक म्हणाले, "लोक पाठ टेकायला मला पैसे देतात. हा बाकडेबुवा एकटाच असा, ज्याला बसण्याचे पैसे मी देतो. याचा खेळ याच्या पगाराला पुरतो का, ते बघून सांग."

हिशेबनिसाने चाचरत नात्याची आठवण करून दिली. मालकांना नातं चांगलं माहीत होतं. परक्याने छाटलं तर संघात बोंबाबोंब होईल, घरच्यानेच छाटलं तर बोलायला तोंड कुणाला, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

बाहेर येताना हिशेबनिसाने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. मालकाला नाही म्हणावं तर नोकरी जाणार आणि हो म्हणावं तर ताई. ताईचं चष्म्याचं दुकान होतं आणि तिची जीभ भिंग घासायच्या दगडासारखी होती. इकडे आड, तिकडे ताई.

शनिवारी तो आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला गेला आणि बरोबर बाकड्यामागे जाऊन बसला. भाऊजी बसण्यात पटाईत होते यात शंका नाही. कुणाला पाणी हवं, कुणाला टॉवेल, कुणाच्या पाठीवर थाप मारायची आणि कुणाला आत्ता हातही लावायचा नाही, सगळं त्यांना न सांगता कळत होतं. मग कोचने त्यांना थोड्या वेळासाठी आत पाठवलं. भाऊजींनी चेंडू घेतला, उजव्या हाताचे असूनही डाव्या हाताने काहीतरी विचित्र गिरकी घेतली आणि चेंडू थेट समोरच्याच्या हातात दिला. पुढे लांबून एकदा फेकला, तो रिंगला न शिवता फोटोग्राफरच्या पिशवीत गेला. कोचने त्यांना परत बोलावलं, तेव्हा पाहुण्यांच्या घरून आपल्या घरी आल्यासारखे ते हुश्श करून बसले.

घरी येऊन हिशेबनिसाने हंगामभराचे गुण आणि पगार यांचा भागाकार केला. भाऊजींचा एकेक गुण मालकांना एका डबल बेडच्या गादीला पडत होता, वर दोन उशा.

ताईला बाहेरून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून तो तिच्या दुकानात गेला. फ्रेमा पुसत तिने सगळं ऐकून घेतलं. आता वीज कोसळणार म्हणून हा खांदे पाडून उभा होता.

"मग सांगून टाक ना निकामी म्हणून," ताई म्हणाली. "मी लग्न झाल्यापासून फुकट सांगतेय. तुला तर सांगायचा पगार मिळतो."

तिला भाऊजी दुकानात हवे होते. दुसरा काउंटर उघडायचा होता, गिऱ्हाईक माघारी जात होतं, आणि नवरा मात्र पस्तिशीला आला तरी अर्ध्या चड्डीत दुसऱ्यांचे टॉवेल सांभाळत होता. भावाने एवढं एक काम नीट करावं, असं तिने बजावलं.

म्हणजे सगळ्यांचंच एकमत होतं. उरले फक्त भाऊजी. ते क्लबच्या जिन्यात भेटले. गयावया करतील असं हिशेबनिसाला वाटलं होतं, पण त्यांनी तसलं काही केलं नाही. खरं तेच सांग, म्हणाले, फक्त त्याआधी एकदा सरावाला येऊन बघ.

तो गेला. सराव सुरू झाला तरी भाऊजी दिसेनात. मैदानावर एक माणूस मान आखडून, छाती काढून चालत होता, दर दोन मिनिटांनी केसांवरून हात फिरवत होता आणि डाव्या बाजूनेच घुसत होता. तेच भाऊजी होते. पुढचा सामना ज्यांच्याशी, त्यांच्या गार्डला सगळे कंगवा म्हणत, कारण तो खेळतानाही केस विंचरायचा. भाऊजी आठवडाभर कंगवा झाले होते. त्याच्या गिरक्या, त्याच्या हुलकावण्या, वैतागल्यावर नाक ओढणं, सगळं हुबेहूब. आपला पहिला गार्ड त्यांच्यासमोर रोज घाम गाळून कंगव्याला कसं अडवायचं ते शिकत होता.

कोचने सहज सांगितलं, की या माणसाच्या पोटात सगळ्या संघांचे गार्ड आहेत, दर आठवड्याला हवा तो बाहेर काढतो. हिशेबनिसाने विचारलं, मग सामन्यात काय होतं?

"सामन्यात स्वतःचा खेळ खेळावा लागतो," कोच म्हणाला. "तो कुठेतरी सांडला त्याचा."

हिशेबनिसाला शनिवारची ती डावखुरी गिरकी आठवली. ती भाऊजींची नव्हतीच, त्या आठवड्यातल्या कुणा दुसऱ्याची होती.

कंगव्याच्या संघाशी सामना हंगामातला शेवटचा होता. हरलो तर खालच्या गटात रवानगी. मालक पहिल्या रांगेत, ताई त्यांच्या मागे, आणि हिशेबनीस जमेल तितका दोघांपासून लांब बसला होता. सामना अटीतटीचा झाला, आणि उत्तरार्धात कधी न पडणारा पहिला गार्ड घोटा मुरगळून पडला. भाऊजी आत गेले.

आठवडाभर अंगात भिनलेलं एका मिनिटात कसं उतरणार? मैदानावर दोन कंगवे झाले. खऱ्याने केसांवरून हात फिरवला की खोटाही फिरवी. खरा डावीकडे वळायच्या आधीच खोटा तिथे जाऊन उभा असे, कारण त्यालाही तिकडेच वळायचं असे. हे सगळ्यात आधी प्रेक्षकांच्या लक्षात आलं. हशा सुरू झाला आणि तो कंगव्याच्या स्वतःच्या गावकऱ्यांतही पसरला. कंगव्याने नाक ओढलं, भाऊजींनीही ओढलं. त्याने भाऊजींना ढकललं, पंचांनी ताकीद दिली. पुन्हा ढकललं, तसं पंचांनी त्याला बाहेर काढलं.

आणि मग घोळ झाला. नक्कल करायला माणूसच उरला नाही. भाऊजी चेंडू घेऊन मैदानाच्या मध्यात चुकलेल्या गिऱ्हाईकासारखे इकडेतिकडे बघत राहिले. शेवटचे काही सेकंद उरले होते, संघ एका गुणाने मागे होता आणि बाकड्यावरून सगळे ओरडत होते. शेवटी त्यांनी डोळे मिटून फेकला. तो रिंगवर आपटून वर उडाला आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या सगळ्यात उंच, सगळ्यात सुस्त खेळाडूच्या हातात पडला. त्याने तो नुसता आत सोडला. संघ जिंकला. भाऊजींच्या नावावर एकही गुण नव्हता, आणि शून्याने भागता येत नाही हे हिशेबनिसाला शाळेपासून माहीत होतं.

सोमवारी त्याने मालकांना जसं होतं तसं सांगितलं. खेळाडू म्हणून या माणसाचा पगार वाया जातोय आणि सरावाचा मास्तर म्हणून अपुरा पडतोय. मालकांनी फक्त मधला आकडा काढला, तोही खालच्या बाजूला झुकवून. पुढच्या हंगामात भाऊजी कोचचे मदतनीस, पगार जरा कमी, अंगावर संघाचा शर्ट नाही.

भाऊजींना हे त्यानेच घरी जाऊन सांगितलं.

"म्हणजे खेळाडू म्हणून मी नाही," ते म्हणाले.

"नाही, भाऊजी."

त्यांनी मान हलवली. हिशेबनिसाला वाटलं, काहीतरी गोड बोलावं, पण खोटं बोलणं त्याला जमेना आणि खरं तर बोलून झालं होतं. मग दोघांनी मिळून स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. तो आधीपेक्षा जास्त गळायला लागला.

ताई महिनाभर भावाशी बोलली नाही. निकामी ठरवायला पाठवलं, तर हा नवऱ्याला बढती देऊन आला, असं ती सगळ्यांना सांगत होती. पण मदतनिसाला दुपारी काम नसतं. भाऊजी दुपारचे दुकानात बसू लागले. येणाऱ्याला ते कुठलीही फ्रेम शोभून दिसते म्हणून सांगतात, खप वाढलाय आणि दुसऱ्या दिवशी बदलायला येणारेही वाढलेत. एकूण फायदा की तोटा, ते हिशेबनीस एकदा बसून काढून देणार होता. ताईने त्याला दारातूनच परत पाठवलं.