पालथ्या खारीचं खुरपं

आईचं खुरपं झिजून झिजून चमच्याएवढं झालं होतं आणि मी घरात बसून बसून गंजलो होतो. दोघांनाही कुठंतरी न्यायची वेळ आली होती.

तुम्ही म्हणाल, खुरप्यासाठी कोण प्रवास करतं? म्हसवडच्या बाजारात ढिगानं मिळतात. मिळतात, पण ती उजव्या हाताची. आमची आई डावरी आहे. खुरप्याचं पातं एका अंगाला वळलेलं असतं, धारही एकाच बाजूनं लावलेली असते. तेच डाव्या हातात धरलं की पातं मातीत शिरतच नाही, वरून घसरतं आणि मनगट भरून येतं. आईचं खुरपं मात्र पूर्ण उलटं. माझ्या जन्माच्या आधी तिनं ते म्हसवडच्या यात्रेत घेतलं होतं, तेव्हापासून दुसरं कुठलं तिच्या हाताला बसलेलं नाही. मी आजवर बाजारातून आणलेली सगळी माळ्यावर पडून आहेत.

यंदा कांद्याच्या वाफ्यात ती नुसत्या बोटांनी गवत उपटताना दिसली. म्हणाली, "आता म्होरल्या साली कांदा करत न्हाई बाबा. हात न्हाई चालत." एवढंच. पण आईनं कांदा सोडायचा म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं. दुपारी सगळे झोपले की ती त्या वाफ्यात जाऊन बसते, काम असो नसो.

खुरप्याच्या खालच्या अंगाला, मातीकडच्या बाजूला, एक पुसट छाप होती. कसलंतरी जनावर. आम्ही त्याला उंदीर म्हणायचो. त्याखाली अक्षरं होती, त्यातलं 'ब्र' तेवढं उरलेलं. 'ब्र' असलेलं आपल्याकडचं गाव कुठलं? उंब्रज! खुरपं फडक्यात गुंडाळलं, बाइकच्या डिक्कीत टाकलं आणि निघालो.

म्हसवड ते उंब्रज

दहिवडी, वडूज, पुसेसावळी, मसूर आणि उंब्रज असा रस्ता धरा. वडूजपर्यंत डांबर छान आहे, पुढं मधे मधे ठिगळं. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला आरामात पोचाल. मला उशीर झाला, कारण पुसेसावळीच्या अलीकडं एक माणूस बैलाला ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकायची सवय लावत होता. तो वाजवायचा, बैल मान वळवून त्याच्याकडं बघायचा. मीही बघत बसलो.

मसूर ओलांडलं की दोन्ही बाजूंना ऊस. कारखान्यांचा हंगाम चालू होता. ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही, त्यामुळं अंधार पडायच्या आत मुक्कामाला लागा. एवढा सल्ला फुकट.

उंब्रजला एका हार्डवेअरच्या दुकानात खुरपं दाखवून विचारलं, "ही उंदीर छाप कुणाची?"

दुकानदार हसला. "उंदीर न्हवं ओ, खार हाय ती. शेपटी झिजली म्हनून उंदीर झाला व्हय तिचा? तात्यांकडं जावा, चिंचंखाली."

चिंच सापडली, चिंचेखाली जमिनीत रुतलेली ऐरण सापडली आणि बाजेवर बसलेले तात्याही. नव्वदीकडं झुकलेले, पण आवाज खणखणीत. मी फक्त "खार छाप" म्हणालो आणि त्यांनी सुरुवातीपासून सुरुवात केली.

त्यांच्या आजानं याच ऐरणीवर बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचं काम सुरू केलं. मग कुऱ्हाडी. ऊस वाढला तसे कोयते. लोखंड कुठून आणायचे? तर रस्त्यावरून! ट्रकांच्या स्प्रिंगचे मोडलेले पाटे हायवेच्या कडेला मिळायचे, तेच तापवून त्यांचे कोयते. "गाडी मोडली की डायवर रडायचा आन् माझा बा हसायचा," तात्या म्हणाले.

"आणि खार कशी आली?"

"गिऱ्हाइकाला वाचाया येत नव्हतं, तवा चित्र पायजे. घणाचा आवाज आला की समदी पाखरं पळायची, ही चिंचंवरची खार तेवढी बसून ऱ्हायाची. आजा म्हनला, हिलाच बसवा."

मग तात्यांच्या वडलांनी विजेवरचा घण घेतला, जागा पुरेना म्हणून कारखाना सांगलीला नेला. तिथं पकडी, पान्हे, करवती सुरू झाल्या, पण छापेत नाव उंब्रजचंच राहिलं. ऐरण तेवढी इथंच राहिली, कारण चिंचेच्या मुळांनी ती धरून ठेवलीय. आणि मग तात्यांनी आईचं खुरपं हातात घेतलं, पालथं केलं, डोळे बारीक केले. "आरं, ही तर म्हसवडची..."

तेवढ्यात हायवेकडून आरडाओरडा ऐकू आला. पवनचक्कीचं एक अख्खं पातं घेऊन निघालेला लांबलचक ट्रेलर सर्व्हिस रोडच्या वळणावर अडकला होता. मी म्हटलं, "तात्या, आलोच." त्या पात्यापुढं माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. ड्रायव्हर मागं घेतोय, चारजण चार दिशांनी हात करतायत, एक आजी म्हणतेय, "आरं, मधून मोडा की त्याला!" ट्रेलर सुटेपर्यंत मी तिथंच.

परत आलो तर तात्या गोळी घेऊन झोपले होते. त्यांच्या सुनेनं चहा दिला, तात्यांचा नंबर दिला आणि सांगितलं की कारखाना आता तात्यांची लेक अपर्णा बघते, कुपवाडला. "तितंच जावा. जे काय हुईल ते तितंच."

कराड

मुक्काम कराडला केला. स्टँडजवळ साध्या लॉजची खोली परवडते, गादीकडं फार निरखून बघू नका. संध्याकाळी प्रीतिसंगमावर जा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, असं दुसऱ्या नद्यांचं फारसं दिसत नाही. काठावर भेळ खाल्ली. भेळवाल्याचा कांदा चिरायचा वेग बघत राहिलो आणि आईची आठवण आली.

सांगली

कराडहून पेठनाका, आष्टा आणि सांगली. आष्ट्याच्या पुढं हळदीच्या शेतांचा वास येतो, तिथं हेल्मेटची काच वर करा. सांगलीत भडंग घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये. कुपवाडची एमआयडीसी गावाला लागूनच आहे.

खार छापचं गेट बघून आनंद झाला. वर पत्र्याची भली मोठी खार, शेपटी झुपकेदार. आत अपर्णाताई भेटल्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या, कानाला फोन. त्यांनी गुलाबी मुठीची छोटी खुरपी दाखवली. "शहरात बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी. ऑनलाइन सगळ्यात जास्त हीच जातात." तात्यांच्या आजानं बघितली असती तर काय म्हणाला असता कोण जाणे. पण त्यावरची खार तीच.

मी फडकं सोडून आईचं खुरपं काढलं. ताईंनी प्रेसवरच्या शिवाप्पा मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्री सीमेवरच्या गावचे, बोलण्यात कानडी हेल. त्यांनी खुरपं हातात घेऊन लगेच पालथं केलं.

"खार खाली हाय री ताई. खोटा माल. ह्यो भंगारात जायाचा, ह्यांच्या घरात गेला."

"अहो मिस्त्री, आई आयुष्यभर हेच वापरतेय."

"मग तुमची आई नशीबवान. आमच्याकडं खार पालथी पडली की पीस फेकायचा. मी लागलो तवापासून हाच कायदा."

ताईंनी समजावून सांगितलं की डाव्या हाताचं काढायचं तर नवा साचा लागेल आणि एका खुरप्यासाठी साचा करणं काही शक्य नाही. वर म्हणाल्या, "ऑनलाइन शोधा ना, परदेशी मिळेल." परदेशी खुरपं! आईच्या कांद्यात!

गेटबाहेर येऊन कठड्यावर बसलो. भडंगाची पुडी फोडली. आता घरी जाऊन काय सांगायचं? मग आठवलं, तात्या काहीतरी सांगत होते. फोन लावला.

"पळाला न्हवं का त्या पंख्यामागं!" तात्या कडाडले. "मी तेच सांगत हुतो. ऐक आता, जाग्यावरनं हलू नगंस."

आणि त्यांनी सांगितलं. कारखान्यात प्रेस नवा नवा आला तेव्हा कुणीतरी चपटी पाती उलटी ठेवली आणि भलाथोरला ढीग उलट्या अंगाला वळून पडला. छाप वळवायच्या आधी मारतात, त्यामुळं सगळ्या खारी खाली तोंड करून. तात्यांचे वडील डोक्याला हात लावून बसले. शेवटी भंगाराच्या भावात तरी जाईल म्हणून तात्यांनी तो ढीग म्हसवडच्या यात्रेत नेला. "बाया आल्या, उजव्या हातात धरलं, टाकलं. मग एकीनं डाव्या हातात धरलं आन् ती हललीच न्हाई बघ तितनं. दुसऱ्या दिशी आजूबाजूच्या गावातल्या समद्या डावऱ्या गोळा! एक खुरपं माघारी आलं न्हाई." त्यानंतर दर यात्रेला ते मुद्दाम पाती उलटी ठेवून एक गठ्ठा काढायचे. तात्यांचे गुडघे गेले, यात्रा सुटली, गठ्ठाही सुटला. कारखान्यात राहिला तो फक्त पालथी खार फेकायचा कायदा.

मी धावत आत गेलो आणि फोन स्पीकरवर टाकला.

"शिवाप्पा, पातं उलटं ठेव," तात्यांचा हुकूम.

"तात्या, खार पालथी पडंल की री."

"पडू दे. झाडावरनं उतरताना खार उलटीच असती. तिला काय हुतंय?"

सगळा कारखाना हसला. मिस्त्री सोडून. त्यांनी गंभीरपणे चपटं पातं तापवलं, उलटं ठेवलं, प्रेस दाबला. पातं उलट्या अंगाला वळलं. मग सवयीनं त्यांनी धार लावली ती नेहमीच्या बाजूनं! ना डावं, ना उजवं.

"ह्यो आता खरा खोटा माल," मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले.

दुसरं नीट जमलं. ताईंनी ते डाव्या हातात घेतलं, गेटजवळच्या जास्वंदीच्या आळ्यात दोनदा ओढलं. मातीची साल निघावी तशी ढलपी निघाली. त्यांनी आणखी एकदा ओढून बघितलं. मग मला विचारलं, "म्हसवडची यात्रा कधी असते हो? आणि मिस्त्री, थांबू नका, एक गठ्ठा काढा."

मिस्त्रींनी कपाळावरचा घाम पुसला. "काढतो री. पर गेटवरच्या पाटीवरली खार तेवढी सरळच ऱ्हाऊ द्या."

घरी

परतीला तासगाव, विटा, आटपाडी, दिघंची असा आलो. तासगावला द्राक्षं, आटपाडीला डाळिंब. दोन्हींत माझा वेळ गेला, ते वेगळं सांगायला नको. विट्याच्या पुढं रस्ता मोकळा आणि माळ इतका सपाट की आपणच जागचे हलत नाही असं वाटतं.

लोक मला विचारतात, एवढं भटकून काय मिळतं? या खेपेला उत्तर फडक्यात गुंडाळलेलं होतं. जन्मभर आम्ही ती छाप बघत आलो, पण ती खालच्या बाजूला का, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. एका चुकीतून निघालेला ढीग इतक्या हातांची वाट बघत होता आणि ते हात त्याची. आणि मी पवनचक्कीमागं पळालो नसतो तर हे सगळं उंब्रजलाच कळलं असतं. पण मग शिवाप्पांचं हसणं बघायला मिळालं नसतं. असो.

आई वाफ्यातच होती. खुरपं दिलं. तिनं ते पालथं केलं, अंगठा फिरवला. "उंदीर न्हवं ही," ती म्हणाली. "शेपटी बघ की केवढी."

ती वाफ्याच्या कडेला बसली. डाव्या हातानं एक घाव, मग दुसरा. गवत मुळासकट बाजूला पडत गेलं. मी बांधावर बसून तात्या, चिंच, पंखा, सगळं सांगत होतो. ऐकत होती की नाही देव जाणे. अख्खी ओळ संपवून ती टोकाला पोचली, उठली, खुरपं पदराला पुसलं आणि हातात तोलून बघितलं.

"जरा जड हाय," ती म्हणाली. "झिजंल."

आणि दुसऱ्या ओळीला बसली.