व्हिनेगरची वाटी

सुतकाच्या दिवसांत आमच्या घरी चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी डबे, पातेली, झाकणाच्या वाट्या आणून दिल्या. आईचे दिवसकार्य झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले. भांडी मात्र अजून माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर घासून पालथी ठेवलेली आहेत. ती परत द्यायची आहेत. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत देऊ नये ही आईची रीत, आणि त्यांत काय भरावे हे मला ठरवता येत नाही. त्या फळीकडे पाहिले की तिने एकदा परत दिलेली एक वाटी आठवते, आणि वाटीबरोबर माझी शेवटची परीक्षा.

मी बंगळुरात बी.एस्सी.ला होतो, मुख्य विषय रसायनशास्त्र. पन्नासचे दशक संपत आले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, शहराच्या पूर्वेकडल्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि कारखान्याच्याच क्वार्टर्समध्ये आम्ही राहत होतो. मी शेवटच्या वर्षाला असताना ते निवृत्त व्हायचे होते. जूनमध्ये क्वार्टर सोडायचे आणि बेळगावकडे आमच्या गावी परतायचे, असे ठरलेले होते. मला त्याआधी पदवी मिळाली तर एका प्रयोगशाळेत नोकरीची आशा होती. मग शहरात खोली घेऊन सगळ्यांनाच राहता आले असते. नापास झालो तर पुन्हा बसायला बंगळुरात घरच नव्हते. अण्णांनी हे मला एकदाच सांगितले, तेही बुटांना पॉलिश करता करता. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी तो रोज काढला असता तर मला बरे वाटले असते.

लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. पुस्तकात जे असते ते माझ्या डोक्यात राहत असे. भीती होती प्रॅक्टिकलची, कारण त्यात वेगळे पास व्हावे लागे आणि त्यात नाक लागे. कागदाच्या पुडीत एक पांढरी भुकटी देत, तिच्यात काय काय आहे ते ओळखायचे. पुस्तक सांगे, अमुक वायूला सडक्या अंड्याचा वास येतो, अमुक पदार्थाला व्हिनेगरचा. आमच्या घरात अंडे कधी आलेच नव्हते, तर सडणार कुठून? पहिल्या वर्षी तो वायू पहिल्यांदा सोडला तेव्हा वर्गातली निम्मी मुले माझ्यासारखीच एकमेकांकडे पाहत राहिली. आमचे डेमॉन्स्ट्रेटर म्हैसूरकडचे होते, कपाळाला गंध, कोटाला भोके पडलेली. त्यांनी नळी एकेकाच्या नाकाखाली धरली आणि म्हणाले, पुढे कधी कुणी सडकं अंडं फोडलं तर म्हणा, अरे, हा तर आपल्या प्रयोगशाळेचा वास. आम्ही हसलो. असे आम्ही उलटे शिकलो, आणि अंड्यापुरते ते चालून गेले.

व्हिनेगरचे चालले नाही. ॲसिटेट असलेली पूड तळहातावर घ्यायची, त्यात ऑक्झॅलिक ॲसिडची चिमूट आणि पाण्याचा थेंब टाकून बोटाने चोळायचे आणि हात नाकाशी न्यायचा, अशी आमच्याकडे पद्धत होती. मी चोळी आणि मला नुसते आंबट काहीतरी येई. चिंचेसारखे, की शिळ्या ताकासारखे, की मनाचेच खेळ? प्रयोगशाळेतली ॲसिटिक ॲसिडची बाटली हुंगून पाहिली, तर डोळ्यांतून पाणी आले आणि दिवसभर कशाचाच वास येईना. लाल रंगाची दुसरी कसोटी होती, पण तिच्यात माझा हात स्थिर राहत नसे; एक थेंब जास्त पडला की सगळे गढूळ.

पूर्वपरीक्षेत मला नेमके ॲसिटेट आले. मी चोळले, हुंगले, आणि 'विशेष वास नाही' असे लिहिले. डेमॉन्स्ट्रेटरनी कागद पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "जे आहे तेच तुला सापडलं नाही. ही ताकभाताची नाकं, काय करायचं यांचं?"

त्या दिवसापासून मी सगळे हुंगू लागलो. ताटातली आमटी, बसमधल्या माणसांची डोकी, सहीची शाई. जेवण कमी झाले. कॉलेजातून आल्यावर लॅबचे कपडे मागच्या मोरीवर उतरवून, अंघोळ करूनच घरात यायचे असा आईचा नियम होता. तिचे सोवळे कडक होते. परगावातल्या वस्तीत ते आणखी कडक झाले होते. एका संध्याकाळी मी मोरीजवळ उभा राहून स्वतःचाच हात हुंगत होतो. ती मागे येऊन उभी राहिली.

काय शोधतोयस, असे तिने विचारले. मी सांगितले. व्हिनेगर म्हणजे काय, ते तिला समजावता येईना. एक आंबट पाणी, दंडूतल्या हॉटेलांत असते, साहेब लोक लोणच्यात घालतात. दंडू म्हणजे छावणीचा भाग, तिकडे आई कधी गेली नव्हती.  ती भिंतीकडे मान वळवून म्हणाली, "पलीकडची बाई माशाचं लोणचं घालते, त्यातलं? खिडकी लावून घेते मी, तो वास?"

पलीकडे गोव्याकडचे एक ख्रिस्ती कुटुंब होते. नवरा कारखान्यात फोरमन. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या मागच्या अंगणावर उघडे आणि तिकडून वास येऊ लागला की आई आमची खिडकी बंद करी. म्हणजे तो वास मी कैक वर्षे घेत आलो होतो. माझ्या लेखी तो 'शेजारचा वास' होता, त्याला दुसरे नाव नव्हते.

आईचे आणि त्या बाईंचे बोलणे असे, पण भिंतीवरून. आपली मराठी आणि त्यांची कोंकणी, मध्ये दोघींचे मोडके कन्नड. बाई तिला अक्का म्हणत. त्यांच्याकडचे पाणीही आईने कधी घेतले नव्हते आणि त्यांनी कधी देऊ केले नव्हते; दोघींनाही ते ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तो अंगणाच्या भिंतीवर निळ्या काठाची एक चिनी मातीची वाटी, आत व्हिनेगर, वर केळीच्या पानाचा तुकडा. आईनेच मागितली होती. मला म्हणाली, "स्वल्प दे म्हटलं, तर एवढं दिलं. तूच उचल ती. मी अजून सोवळ्यात आहे."

मग रोज दिवेलागणीआधी मागच्या पायरीवर माझी शिकवणी सुरू झाली. मी डोळे मिटून बसायचे. आई चिंचेचे पाणी, आंबट ताक, लिंबू आणि कोकमाचे आगळ आपल्या पितळी वाट्यांतून आणी आणि एकेक नाकाखाली धरी. ती वाटी मात्र सुरुवातीला ती मलाच पुढे ओढायला लावी, त्यामुळे ती कोणती हे मला आधीच कळे आणि खेळ फसे. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी तिच्या ते लक्षात आले. काही न बोलता तिने पदर खोचला, ती वाटी आपल्या हाताने उचलली आणि माझ्या नाकाखाली धरली. नंतर अंघोळ केली. मग रोजच दोनदा अंघोळ होऊ लागली. अण्णा एकदा पायरीशी येऊन म्हणाले, परीक्षा याची आहे की तुझी? आई म्हणाली, हुंगू दे त्याला.

आठवडाभरात मला तो वास कळू लागला. ताकाचा आंबटपणा जड, खाली बसणारा. चिंचेला मातीची कड. व्हिनेगरचा वास पातळ, सरळ वर चढणारा, आणि त्याच्यामागे त्या बंद खिडकीची आठवण. वाटी द्यायला जाऊ का, असे मी विचारले तेव्हा आई म्हणाली, रिकामी कशी देऊ, आणि आत्ता काय भरू? निकाल लागू दे. वाटी भिंतीवरच राहिली. मी जाता-येता तिच्याकडे पाही.

प्रॅक्टिकलच्या सकाळी मी देवाला, अण्णांना नमस्कार करून निघालो. आईने नेहमीप्रमाणे उजव्या तळहातावर दही घातले. मी ते चाटले, हात धोतराला पुसला नि उशीर होईल म्हणून बसकडे धावलो. घरातून महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचे, यात तिचे किंवा माझे काही चुकते आहे असे दोघांच्याही मनात आले नाही.

ते मनात आले प्रयोगशाळेत, पूड तळहातावर चोळून हात नाकाशी नेला तेव्हा. आंबट वास होता, स्पष्ट होता. पण तो कशाचा? हात माझा, उजवा, सकाळी दही घेतलेला. मी नळाखाली साबणाने हात धुतला. मग साबणाचाच वास येऊ लागला. बाकीची मुले पुढच्या कसोटीला गेली होती. बाहेरून आलेले परीक्षक, एक वयस्क, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, हात मागे बांधून बाकांमधून फिरत होते.  मला बेळगावकडे जाणारी गाडी दिसू लागली, तिच्यात बांधलेल्या गाद्या, अण्णांचे ड्रॉइंगचे फळे.

शेवटी मी हात बाजूला ठेवला. वाटोळ्या काचेवर पूड घेतली, काचेच्या कांडीने चोळली. खिडकीशी जाऊन बाहेरची हवा छातीत भरून घेतली. मग परत येऊन डोळे मिटले, पायरीवर मिटायचो तसे, आणि काचेवर वाकलो. वास पातळ होता. सरळ वर चढला. आईने खिडकी लावून घ्यावी असा होता. मी 'ॲसिटेट' असे लिहिले. लाल रंगाची कसोटी करायला हात धजला नाही.

परीक्षक माझ्या बाकाशी थांबले. दुसरी कसोटी दिसत नाही, असे इंग्रजीत म्हणाले, मग कशावरून? वासावरून, मी म्हणालो. कसला वास? उत्तर मला पाठ होते. पुस्तकातले होते, एका शब्दाचे होते. पण तोंडातून निघाले ते दुसरेच.

"आमच्या शेजारच्या घरासारखा, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, कागदावर काहीतरी टिपले आणि पुढच्या बाकाकडे गेले. हसलेही नाहीत.

निकालापर्यंत मी ते वाक्य किती वेळा परत गिळू पाहिले! घरी कुणाला सांगितले नाही. अण्णांनी खोकी आणून ठेवली. आई निम्मी भरे आणि थांबे. वाटीत वळवाचे पाणी साचले, ते मी ओतून टाकले. पुन्हा साचले. आई रोज भिंतीशी जाई, वाटीकडे पाही, हात लावत नसे.

निकाल कॉलेजच्या फळ्यावर लागला. माझा क्रमांक दुसऱ्या वर्गात होता. मी दोनदा पाहिला, मग कुणा दुसऱ्याला पाहायला सांगितला. घरी आलो तो आई मागच्या दारातच उभी होती. मी मान हलवली. "सरी," कन्नडमधले 'ठीक', एवढेच ती म्हणाली, आणि भिंतीवरची वाटी उचलली. मोरीवर राखेने घासली, धुतली, आणि हातात धरून सरळ स्वयंपाकघरात गेली. माझ्यामागे अण्णा उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

तिने शिरा केला, केशर घालून. वाटी काठोकाठ भरली, वर पान घातले, आणि या वेळी भिंतीवर न ठेवता पुढच्या दाराने, चपला घालून, स्वतः देऊन आली. परत आली तेव्हा मी पाहत राहिलो. तिने अंघोळ केली नाही. हात धुतले आणि आमची पाने घेतली.

मला शिरा करता येत नाही. आज दुपारी रवा भाजायला घेतला आणि तो लागला आहे की नाही हे पाहायला कढईवर वाकलो. खमंग वास येत आहे असे वाटते. फळीवरची पहिली वाटी सुलटी करून ठेवली आहे.