नानांच्या आवाजातली हाक

करंजाच्या तेलात कालवलेल्या गंधकाचा वास आला की शेजारच्या नानांचा कुत्रा शेऱ्या आठवतो. आई गावठी, बाप कुणा साहेबाचा शिकारी, खरूज मात्र स्वतःची कमाई! त्याला हे तेल नानाच चोळायचे. एकदा नाना कामानिमित्त चोपड्याला गेले आणि शेऱ्यानं तीन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही.

त्यांची बायको अक्का रडकुंडीला येऊन मला म्हणाली, "बठ्ठासना आवाज काढस ना तू? मंग नानाना काढ!"

मास्तरांपासून सगळ्यांच्या नकला मी करायचोच. नानांसारखं खोकून मी म्हणालो, "शेऱ्या, खाय रे लेका!"

तो धडपडत उठला, भाकरी ओलांडून दारात गेला आणि शेपटी हलवत रस्त्याकडे बघत बसला. नक्कल जमली म्हणून मी हसलो.

संध्याकाळी नाना आले, तेव्हा तो जेवला. ते आले नसते तर माझी हाक खरी मानून तो दारातच वाट बघत मेला असता.